झोपेचा रकाना

बुधवार, १२ जुलै १९९५

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रोज दोन गोष्टी लिहायला सांगितल्या आहेत: सकाळी लघवी तपासल्यावर आलेला रंग आणि रात्री मिळालेली झोप. पण मी मास्तर आहे. दोन रकाने आखून बाकीचे पान कोरे ठेवणे मला जमणार नाही.

रंग: हिरवा. झोप: दीड तास.

काचेच्या नळीत निळे द्रावण घ्यायचे, आठ थेंब लघवी टाकायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे म्हणजे थोडी, पिवळे म्हणजे जास्त, विटकरी म्हणजे हाताबाहेर. आठ वर्षे साखर अंगात आहे. पहिली सहा वर्षे तिने त्रास दिला नाही. आता रात्री दिवा मालवला की तळपाय पेटतात. निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखे होते, पण हात लावला तर थंडगार. ओले पोते पायाशी घेतो, फरशीवर पाय दाबून बसतो, अंगणात फेऱ्या मारतो. पहाटे चारला आग विझते आणि पाचला कोंबडा आरवतो.

आज आषाढ पौर्णिमा. शेळगावच्या आमच्या विहारात वर्षावास सुरू झाला. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सातला ग्रंथवाचन. आधी मी त्रिसरण आणि पंचशील सांगतो, माझ्यामागून लोक म्हणतात. हे माझे चौदावे वर्ष.

आज एक वेगळी गोष्ट झाली. रतन आला. हा ट्रॅक्टर चालवतो. तिसरीत माझ्याच हाताखाली होता, तेव्हा हुशार होता. गेली दहा वर्षे पितो. आज अंघोळ करून, केस ओले ठेवून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "गुरुजी, मला पाचवं शील एकट्याला द्या."

पाचवे शील म्हणजे नशा आणणारे काही घेणार नाही. मी त्याला एकट्याला दिले. त्याने चुकता चुकता म्हटले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "आजपासून तुझी जबाबदारी माझी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. विहाराचे अध्यक्ष सावळाराम आबा म्हणाले, तीन महिने पाळले तर समारोपाला रतनचा सत्कार करू.

चपला घालताना त्याची बायको सारजा जवळ आली. "गुरुजी, शबुद दिलासा, ध्यानात ठिवा. माज्याकडं लई शबुद पडून हायती."

मला ते थोडे उद्धट वाटले.

मंगळवार, १८ जुलै

रंग: हिरवा. झोप: एक तास.

आज वर्गात झोपलो. मुलांना पाढे लिहायला दिले आणि खुर्चीत डोळा लागला. जाग आली तेव्हा सगळा वर्ग हाताची घडी घालून गप्प बसला होता. एवढी शांतता मी ओरडून कधी मिळवली नव्हती. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "गुरुजी, तुमी घोरत न्हवता." मला धीर देण्यासाठी म्हणाली, हे कळले, म्हणून जास्त लागले.

शेजारच्या वर्गाच्या दादासो सरांनी दारातून पाहिले होते. त्यांच्या आजोबांची मेंढरे होती, आता घरात दोन नोकऱ्या आहेत. मधल्या सुट्टीत म्हणाले, "गुरुजी, आमच्या आज्याला राखणीला चार कुत्री ठिवावी लागायची. तुमी तर झोपून कळप गप बसवता. तवा भेटला असता तर कुत्र्यांच्या भाकरी वाचल्या असत्या."

हसलो. हेडमास्तरांना सांगणार नाहीत, एवढे त्या हसण्यात ठरले.

रविवार, २३ जुलै

दादासो सरांच्या आई रोज जेवणानंतर द्राक्षासव घेतात. "दोन झाकणं. म्हातारी म्हशीसारखी झोपती," असे ते म्हणाले. आयुर्वेदिक आहे, चिठ्ठी लागत नाही. आज बारामतीला गेलो होतो तेव्हा एक बाटली आणली. डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारले नाही. द्राक्षाच्या औषधासाठी त्यांचा वेळ कशाला घ्यायचा? चव आंबटगोड, घशात किंचित उष्ण.

सोमवार, २४ जुलै

झोप: साडेतीन तास! उद्गारचिन्ह काढत होतो, पण राहू दे.

रविवार, ६ ऑगस्ट

रंग: पिवळा. झोप: तीन तास.

पहिल्या दोन तासांत गाढ झोप लागते, मग लघवीला उठावे लागते आणि पाय पुन्हा पेटतात. म्हणून रात्री एकला आणखी दोन झाकणे घेतो. रंग पिवळा का आला कळत नाही. बायकोला, ताईबाईला, विचारले, भाकरी ज्वारीचीच आहे ना? ती म्हणाली, "मग काय केक केला?" साठ्यातले द्रावण जुने झाले असावे.

वाचन छान चालले आहे. आवाज खणखणीत लागतो. रतन पुढच्या रांगेत बसतो.

गुरुवार, १० ऑगस्ट

रात्री अंगणात फेऱ्या मारताना कुंपणापाशी कोणीतरी उभे दिसले. रतन होता. एक महिना झाला, थेंब घेतला नाही. पण झोप गेली.

"गुरुजी, दारू सुटली आन तिच्यासंगं झोप बी गेली. दोघी बहिणी असल्यागत."

त्याला ओट्यावर बसवले. हाताला अजून बारीक कंप आहे. दोघे जण पहाटेपर्यंत बसलो. मी त्याला रंगांची गंमत सांगितली, ही वही दाखवली. तो म्हणाला, "आमच्या बिमारीला बी असली नळी पायजे व्हती. बायकूला रोज तोंडाचा वास घ्यावा लागतो." खूप हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदाच रात्र लवकर संपली.

रविवार, १३ ऑगस्ट

आज रतनची अवस्था बघवली नाही. घाम, जांभया, डोळे लाल. सकाळी ट्रॅक्टरवर बसायचे आहे. मी माझ्या औषधातली दोन झाकणे त्याला दिली. त्याने वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "घे, औषध आहे. मी रोज घेतो." तो बराच वेळ झाकण हातात धरून बसला, मग प्यायला.

माणसाच्या उपयोगी पडल्याचे समाधान वाटले. शब्द दिला आहे तो असा पाळायचा असतो.

रविवार, २७ ऑगस्ट

रंग: पिवळा, काठाला तांबूस. झोप: दोन तास.

रतन रोज येतो. आता दहालाच येतो, आम्ही जेवत असतो तेव्हा. ताईबाईला आवडत नाही असे दिसते, पण बोलत नाही. झाकणाने वेळ लागतो म्हणून आम्ही फुलपात्र घेतो, अर्धे अर्धे. बाटली चार दिवसांत संपते. मागची इंदापुरातून आणली, ही बावड्यातून. बावड्याला तसे काही काम नव्हते. तिथे औषधे ताजी मिळतात.

बाटली शाळेच्या जुन्या हजेरीपटांमागे ठेवतो, लेबल भिंतीकडे करून. उन्हाने औषध खराब होते.

रविवार, ३ सप्टेंबर

रंग: विटकरी. झोप: दीड तास.

जे झाले ते लिहितो.

ताईबाईला तीन वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात मीच वाचायला शिकवले. तेव्हापासून ती साबणाच्या कागदापासून एसटीच्या पाटीपर्यंत सगळे वाचते. आज दुपारी कपाट झाडताना तिच्या हातात बाटली आली. खिडकीशी नेऊन, बोट ठेवून वाचू लागली. "स्व-यं... स्वयं-निर्मित... म-द्या-र्क. अवो, मद्यार्क म्हंजी काय?"

मी म्हणालो, "औषधाचा एक प्रकार असतो."

"मद्य म्हंजी दारूच ना? तुमीच फळ्यावर लिवलं व्हतं, मद्यपान करू नये. म्या चार दिस गिरवलं ते."

"औषधाच्या नावात येते तसे. तुला नाही कळणार."

तिने बाटली पुसली आणि जागेवर ठेवली.

प्रामाणिकपणे लिहायचे तर दुसऱ्या बाटलीपासून जीभ मला सांगत होती. पण जिभेचे सांगणे वेगळे आणि छापलेले वेगळे. छापलेले अक्षर मी आयुष्यभर खरे मानत आलो. म्हणूनच लेबल भिंतीकडे होते.

संध्याकाळी पाचवे शील सांगताना आवाज नेहमीसारखाच खणखणीत लागला. याचे नवल वाटले.

सोमवार, ४ सप्टेंबर

दिवसभर विचार केला. शीलामागे हेतू असतो. माझा हेतू नशा नाही, झोप आहे. मी कधी झोकांडी खाल्लेली नाही.

रतनचे मात्र वेगळे. त्याला सांगायला हवे. पण एकदम बंद केले तर त्याची झोप जाईल आणि तो गुत्त्यावर जाईल. पौर्णिमेपर्यंत असेच चालू द्यावे, मग हळूहळू कमी करू. रात्री तो आला. काही सांगितले नाही. फुलपात्रे घेतली.

रविवार, १७ सप्टेंबर

रंग: विटकरी. झोप: एक तास.

लघवीला पाच वेळा उठलो. डाव्या अंगठ्याखाली फोड आला आहे. कधी आला, कळले नाही. दुखत नाही.

रतनला सहा दिवस कळसला नांगरटीला जायचे आहे. म्हणाला, "गुरुजी, तितं झोप कशी लागंल?" मी पूर्ण बाटली कागदात गुंडाळून दिली. घेताना त्याने मान खाली घातली होती. जाताना म्हणाला, "सारजानं पौर्णिमेसाठी पांढरा सदरा शिवून घेतलाय. बटनं बी पांढरीच." मी म्हणालो, "शोभेल तुला."

कपाटातल्या बाटलीचे लेबल हल्ली बाहेरच्या बाजूला असते. मी फिरवून ठेवतो, पुन्हा बाहेर येते. ताईबाई झाडताना हलवत असेल.

गुरुवार, २१ सप्टेंबर

मूर्ती दूध पितात म्हणून गावात आज एकच गर्दी उसळली. अर्धी शाळा रिकामी. उरलेल्या मुलांना मी चमचा, पाणी आणि एक गुळगुळीत दगड घेऊन प्रयोग करून दाखवला. म्हणालो, "माणसाला जे खरे असावेसे वाटते, ते तो तपासत नाही. तुम्ही तपासा." मुलांनी वहीत लिहून घेतले. धडा चांगला झाला.

रविवार, २४ सप्टेंबर

रतन पिऊन ट्रॅक्टरसकट पाण्याच्या चारीत गेला.

काल संध्याकाळी कळसहून परत येताना. आधी गुत्त्यावर थांबला होता. गळ्याजवळचे हाड मोडले. ट्रॅक्टरवर दुसरे कोणी नव्हते, समोरून कोणी येत नव्हते, एवढेच नशीब. सकाळी त्याला पाहायला गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. सारजा चुलीशी होती. मी म्हणालो, "असे कसे झाले?"

हे मी विचारले. मीच.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "महिनाभर नीट व्हता. मंग रातचा तुमच्याकडनं यायचा तवा डोळं जड असायचं. मला वाटलं ग्रंथानं जड झाल्यात."

मी घरी आलो.

मंगळवार, २६ सप्टेंबर

विहारात बैठक. सावळाराम आबा म्हणाले, "रतनचा सत्कार रद्द. शील मोडलं. पोरांफुडं काय आदर्श ऱ्हाणार?" कोणीतरी म्हणाले, त्याच्या रक्तातच आहे. कोणीतरी म्हणाले, गुरुजींनी एवढा जीव लावला, रात्र रात्र जवळ बसले, त्याचे हे पांग फेडले. मग आबा माझ्याकडे वळले. "पौर्णिमेला तुमीच चार शब्द बोला, गुरुजी. तुमच्या तोंडनं बरं दिसंल."

मी म्हणालो, "बरं."

हा एक शब्द लिहायला पाव तास लागला.

परवापासून बाटली आणलेली नाही. झोप: शून्य. पाय इतके जळतात की अंघोळीच्या घंगाळ्यात पाय सोडून बसलो होतो. ताईबाई उठून आली आणि समोर उकिडवी बसली. मी म्हणालो, "तू झोप जा." ती म्हणाली, "व्हय." आणि तिथेच बसली.

सोमवार, २ ऑक्टोबर

गांधी जयंतीची सुट्टी. ताईबाई म्हणाली, अंगठा दाखवायला बारामतीला जाऊ. ती कधी बरोबर येत नाही. आज आली.

रक्तातली साखर तीनशे नव्वद. डॉक्टरीणबाईंनी फोड पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "गुरुजी, गोड खाताय?" मी नाही म्हणालो. "दुसरं काही औषध?" मी नाही म्हणालो. तेवढ्यात ताईबाईने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. बुडाशी दोन बोटे औषध शिल्लक होते. लेबल डॉक्टरीणबाईंकडे केलेले होते.

त्यांनी लेबल वाचले आणि डोक्याला हात लावला. "अहो, यात गूळ आहे, द्राक्षं आहेत आणि वर दारू. किती घेत होता? झाकणानं?"

"फुलपात्राने," ताईबाई म्हणाली.

"दारूनं पहिले दोन तास झोप लागते, मग तीच मोडते. साखर वाढली की लघवीला उठावं लागतं. पायाच्या नसा आधीच बिघडल्यात, त्यांना दोन्ही बाजूंनी मार. ज्याच्या जोरावर तुम्ही झोपायला बघत होता, तेच तुम्हाला उठवत होतं. आणि हा अंगठा, आणखी पंधरा दिवस उशीर केला असता तर काढावा लागला असता. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही."

मी वही बरोबर नेली होती. त्यांनी पाने उलटली. हिरवा, पिवळा, पिवळा, विटकरी. साडेतीन, तीन, दोन, दीड. म्हणाल्या, "सगळं तर तुम्हीच लिहून ठेवलंय की."

एसटीत खिडकीजवळ ताईबाई बसली. भवानीनगर मागे गेल्यावर मी विचारले, "तुला कधीपासून ठाऊक होते?"

"म्या रोज बघायची, बाटली कुठवर आली ती."

"मग बोलली का नाहीस?"

"इचारलं की. तुमी म्हणला, तुला न्हाय कळणार." मग म्हणाली, "दुसऱ्यांदा इचारलं असतं तर तुमाला दुसऱ्यांदा खोटं बोलावं लागलं असतं. लेबल तेवढं फिरवून ठिवायची. म्हणलं, मास्तर हायती, कवातरी वाचतील."

रविवार, ८ ऑक्टोबर. आश्विन पौर्णिमा

समारोप झाला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. खिरीचे मोठे पातेले दाराशी. रतन आणि सारजा आले नाहीत.

चार शिले सांगितली. पाचव्याला थांबलो. म्हणालो, "हे आज मी सांगणार नाही. मी दोन महिने रोज रात्री झोपेसाठी एक औषध घेत होतो. त्यात दारू आहे. ते मी रतनलाही दिले. तो आपण होऊन गुत्त्यावर गेला नाही. त्या वाटेवर मी नेऊन सोडले."

अंगावर काहीतरी येईल, कोणीतरी उठून जाईल अशी माझी तयारी होती. दोन दिवस तीच तयारी करत होतो.

सावळाराम आबा उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "बघा रं पोरांनू, किती मोठं मन! औषधाचा थेंब पोटात गेला तर माणूस चारचौघांत सांगतोय." टाळ्या सुरू झाल्या.

मी म्हणालो, "आबा, थेंब नाही. आणि रतन..."

"तुमी औषध म्हणून दिलं, गुरुजी. त्यो दारू म्हणून पिला. फरक हाय का न्हाय?"

लोक माना डोलवत होते. मला खिरीची पहिली वाटी दिली, मग कोणीतरी आठवण केली की गुरुजींना साखर आहे, आणि त्याचेही कौतुक झाले.

रतनने एकदा चूक केली तर त्याचे रक्त वाईट निघाले. मी दोन महिने केली तर माझे मन मोठे निघाले. टाळ्या थांबेपर्यंत मी उभा होतो. खाली बसायला हवे होते, तेही सुचले नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर रतनकडे गेलो. हात गळ्यात बांधलेला. खुंटीला पांढरा सदरा, घडी न मोडलेला. सारजा शेतात होती.

मी सगळे सांगितले. तो ऐकून म्हणाला, "मला पयल्या झाकणालाच कळलं व्हतं."

"काय?"

"वास येतो की, गुरुजी. दहा वर्सं पिलोय मी."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तुमी दिलं ना." तो माझ्याकडे बघत होता, तिसरीत उत्तर बरोबर आले का हे बघायचा तसा. "मला वाटलं, गुरुजींला ठावं आसंल. गुरुजी देत्यात म्हंजी तेवढं चालत आसंल. माजा जीव बी तेच म्हणत व्हता. जिवाला काय, निमित्त पायजे." मग त्याने विचारले, "तुमाला खरंच ठावं न्हवतं?"

मी म्हणालो, "नव्हतं."

तो लगेच म्हणाला, "तसंच आसंल. तुमी कशाला मुद्दाम द्याल." आणि त्याला बरे वाटले, हे मला दिसले.

घरी येऊन ३ सप्टेंबरचे पान काढले. ४ सप्टेंबरचेही. माझेच अक्षर. चौदा वर्षे मी चौथे शीलही सांगत आलो आहे, खोटे न बोलण्याचे. ते आज मोडले, टाळ्या मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

झोप: शून्य. आज पायांना दोष देत नाही.

मंगळवार, १० ऑक्टोबर

शाळेच्या आधी रतनकडे गेलो. वही घेऊन गेलो. दोघेही घरी होती.

उभ्या उभ्याच म्हणालो, "काल खोटे बोललो. मला ठाऊक होते. तीन सप्टेंबरपासून पक्के, त्याआधीही अर्धे. त्यानंतर दोन आठवडे तुला देत राहिलो. कळसला जाताना दिलेली बाटली माहीत असून दिली." आणि ती दोन पाने वाचून दाखवली.

रतन जमिनीकडे बघत राहिला. म्हणाला, "काल न्हाय म्हणला तेच बरं व्हतं, गुरुजी."

सारजा पुढे आली. ओरडेल असे वाटले. तिने फक्त वहीकडे बोट केले.

"ह्यात काय काय लिवता?"

"रंग आणि झोप."

"कुणाची झोप?"

"माझी."

"तुमी दोघं ओट्यावर जागं ऱ्हायचा, ती गावाला ठावं. गाव म्हणतंय, गुरुजी लई थोर. आन म्या दाराशी बसून असायची. ह्यो येतोय का न्हाय, सरळ येतोय का न्हाय. सकाळी पुन्हा खुरपायला. दीड महिना. माजी झोप कुणाच्या वहीत हाय, गुरुजी?"

मी वही मिटली.

"माफी बिफी नगं. तसली लई हाय घरात. आज रातचं पाणी हाय आमच्या वीस गुंठ्याला, धाला सुटतंय. ह्याचा हात गळ्यात. दारं म्या धरणार व्हते. तुमाला न्हाय तरी झोप येत न्हाय. तुमी धरा. ह्यो बांधावर बसून सांगंल, कुठलं दार फोडायचं ती. म्या झोपणार हाय."

"मला दारे धरून वाफ्यांत पाणी सोडता येत नाही," मी म्हणालो.

"मला तरी कोण शिकवलं व्हतं?"

अनवाणी पाऊल टाकायचे नाही म्हणून दादासो सरांकडे गमबूट मागितले. कशाला हवेत ते सांगितले, द्राक्षासवाचेही सगळे सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "म्हणजे आमची म्हातारी...?" मग गमबूट काढून दिले. "एक नंबर मोठे हायती. कापूस भरा. आन गुरुजी, चिखलात रुतला तर बूट सोडून या, बूट आणायच्या नादात तुमी ऱ्हाल."

बुधवार, ११ ऑक्टोबर

रंग: पिवळा.

रात्री दहा ते चार दारे धरली. रतन बांधावर कंदील घेऊन. पहिले दोन तास तो "तितं न्हाय, तिकडं," एवढेच म्हणत होता. माझ्या फावड्याने दोनदा बांध फुटला आणि पाणी शेजारच्या रानात गेले, तेव्हा तो हसला. बाराच्या सुमाराला म्हणाला, "गुरुजी, आत्ता लई आठवण येती." मी म्हणालो, "मलाही." बाटलीचे नाव दोघांनीही घेतले नाही. मग म्हणाला, "चला, दुसरा वाफा भरत आलाय."

सकाळी मी वहीत तिसरा रकाना आखला. झोप: माझी, बांधावर बसल्या बसल्या, पाऊण तास. रतनची तेवढीच. सारजाची नऊ ते साडेपाच. रतनने घरी जाऊन विचारले आणि शाळेच्या कुंपणापाशी येऊन सांगितले. म्हणाला, तिचा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण पुढच्या मंगळवारी पुन्हा पाणी आहे हे कळवायला तिनेच सांगितले आहे.

संध्याकाळी ताईबाईला विचारले, काल किती झोपलीस?

"माजी कशाला लिवता?"

"लिहायची आहे."

तिने बोटांवर मोजले. "दिवा मालवला तो नऊला. जाग आली तवा उजाडलं व्हतं." मग म्हणाली, "दोन वर्सांत पयल्यांदा. तुमी घरात न्हवता ना."

तसेच लिहिले.